शेल्टरला फोन करण्याआधी : काय सांगायचं, काय मागायचं आणि गाडं कुठे अडतं

शेपटीवाला

‘फोनच उचलत नाहीत’, ‘आले, औषध मारलं आणि कुत्रा तिथेच सोडून गेले’, ‘पिल्लं घ्यायला नकार दिला’. शेल्टरबद्दलच्या तक्रारी फिरून फिरून या तीनच. पहिली बऱ्याचदा खरी असते. उरलेल्या दोन्ही शेल्टर म्हणजे काय याच्या चुकीच्या समजुतीतून येतात, म्हणून हा वेगळा धागा. पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक, गोवा, जिथलं माहीत असेल ते लिहा. फोन नंबर टाकू नका, ते बदलतात. संस्थेच्या स्वतःच्या पानावरूनच घ्यावेत.

आपल्याकडचं शेल्टर हा वृद्धाश्रम नाही, खाटा मोजक्या असलेला दवाखाना आहे. रस्त्यावरचा कुत्रा बरा झाला की उचलला त्याच जागी परत सोडायचा, हा नियम. त्यामुळे ‘घेऊन जा आणि तुमच्याकडेच ठेवा’ अशी सेवा मुळात नाही. जागेवर उपचार, भरती, बाह्यरुग्ण तपासणी, नसबंदी आणि दत्तक देणं, एवढीच कामं असतात. सगळ्या संस्था सगळी करत नाहीत. आपल्याला यातलं नेमकं काय हवंय ते फोनवर पहिल्या वाक्यात सांगितलं की निम्मी चिडचिड वाचते.

निरोप पाठवताना नकाशावरचं पिन तर द्याच, पण खूणही लिहा. ‘सिंहगड रोडला’ म्हणून भागत नाही. ‘अमुक मंदिरामागच्या गल्लीत, दुधाच्या टपरीशेजारी, दुपारी पांढऱ्या टेम्पोखाली झोपतो’ असं हवं. दोन फोटो : एक पूर्ण कुत्र्याचा बाजूने, एक जखमेचा. लंगडत असेल तर चालतानाचा पंधरा-वीस सेकंदांचा व्हिडिओ काढा, कारण पाय टेकवतोय की पूर्ण उचलून धरतोय यावर गाडी आज पाठवायची की उद्या हे ठरतं. नर की मादी, कानाला काप (नसबंदी झाल्याची खूण) आहे का, हाताळू देतो का, खायला कोण घालतं, हेही लिहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडी येईपर्यंत तिथे कोण थांबणार.

हे शेवटचं सोडून सगळे सगळं सांगतात. गाडीबरोबर दोन पकडणारे येतात, कुत्रा जाळी बघून पळतो आणि फेरी वाया जाते. तशीच वेळ दुसऱ्यांदा आली की तो पत्ता यादीत खाली सरकतो. त्यात रागावण्यासारखं काही नाही.

मुलुंड_पूर्व

मुंबईत गाडीची वाट बघण्यापेक्षा स्वतः नेणं बहुतेक वेळा लवकर होतं. परळचं बाई साकराबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, म्हणजे जुन्या लोकांचं बैलघोडा, तिथे भरतीची सोय आहे. गाईगुरांपासून मांजरांपर्यंत सगळं येतं. पण उपनगरातून नेणाऱ्यांनी लक्षात ठेवा : रिक्षा शीव किंवा वांद्र्याच्या पुढे जात नाही. रक्तबंबाळ कुत्रा घेऊन तिथे उतरायचं आणि टॅक्सी शोधायची यात तासभर जातो. सरळ छोटा टेम्पो ठरवा. टेम्पोवाले प्राणी म्हटल्यावर कुरकुर करतात, त्यांना आधीच सांगा की खाली ताडपत्री आम्ही घालू आणि गाडी धुऊन देऊ.

भरती करताना बहुतेक ठिकाणी आणणाऱ्याचं नाव-पत्ता आणि बरा झाल्यावर परत नेण्याची हमी लिहून घेतात. खर्चाचा वाटाही मागतात. ‘भटका आहे, आमचा नाही’ म्हणून सही टाळली की तिथेच अडतं. सही म्हणजे मालकी नव्हे. जनावर कुठून आलं आणि कुठे परत जायचं याची ती नोंद असते.

दवाखानेवाला

गाडी येईपर्यंत लोक जे उपाय करतात त्यानेच बऱ्याच केसेस बिघडतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यातलं काहीही देऊ नका. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळी मारायला पुरते. कुत्र्यात आयबुप्रोफेनने जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडं जातात. हळद-तेलाचा लेप नको. डॉक्टरला आधी तोच खरवडून काढावा लागतो.

जखमेत अळ्या पडल्या असतील (पावसाळ्यात दोन दिवस पुरतात) तर फिनाईल, पेट्रोल, रॉकेल ओतू नका. अळ्या मरतात, पण बरोबर मांसही जळतं आणि मेलेल्या अळ्या आत सडतात. कुत्र्याच्या बाबतीत टर्पेंटाइनमध्ये भिजवून पिळलेला गॉज जखमेच्या तोंडाशी थोडा वेळ धरला की अळ्या वर येतात, मग चिमट्याने काढायच्या. पण हे कुत्रा शांत असेल, जखम डोळ्याजवळ, तोंडात किंवा गुदद्वाराशी नसेल आणि कुणी शिकवलं असेल तरच. मांजराला टर्पेंटाइन आणि फिनाईल दोन्ही वर्ज्य, चाटल्यावर विषबाधा होते. काहीच येत नसेल तर जखम सलाइनने धुवा, माश्या बसू नयेत म्हणून सैल गॉज लावा आणि थांबा.

गाडीखाली आलेल्या कुत्र्याला काखेत धरून उचलू नका. पाठीचा कणा मोडला असेल तर तेवढ्याने उरलीसुरली नसही तुटते. प्लायचा तुकडा, फ्लेक्सची फ्रेम, तीही नसेल तर दोघांनी ताणून धरलेली चादर घ्या आणि त्यावर सरकवा. तोंडावर टॉवेल टाकला की बहुतेक कुत्री शांत होतात. कळवळलेला ओळखीचा कुत्राही चावतो, तेव्हा गॉजची पट्टी किंवा ओढणी नाकाड्याभोवती गुंडाळून कानामागे गाठ मारा. धाप लागली असेल, उलट्या होत असतील किंवा नाकातून रक्त येत असेल तर तोंड बांधायचं नाही, गुदमरतो. बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीतल्या जनावराच्या तोंडात पाणी, ग्लुकोज, दूध काहीही ओतू नका. फुप्फुसात जातं.

आता रेबीज. ‘घशात हाड अडकलंय’ म्हणून येणाऱ्या फोनकडे आम्ही नेहमी संशयाने बघतो. खालचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, पाणी प्यायला जातो पण गिळता येत नाही, हा मुका रेबीज असू शकतो. अंगावर धावून येणारा कुत्रा लोकांना कळतो, हा कळत नाही. हाड शोधायला तोंडात हात घालणारे आयुष्याशी खेळतात. अशा वेळी फोनवर ‘हाड अडकलंय’ असं निदान सांगू नका, दिसतंय ते सांगा. येणारी माणसं त्या तयारीने येतील. संशयित कुत्र्याला शेल्टरमध्ये एकटं, वेगळ्या पिंजऱ्यात ठेवतात. रेबीज असेल तर साधारण दहा दिवसांत तो मरतोच.

चावला, ओरखडलं किंवा उघड्या जखमेला लाळ लागली तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा बरीच मोठी असतात. मग लगेच सरकारी किंवा पालिकेचा दवाखाना. त्वचेत देण्याची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. स्नायूत देत असतील तर ०, ३, ७, १४, २८. रक्त आलं असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शनही लागतं, ते आपणहून विचारा. दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवायची ती लस सुरू करून, लस लांबवून नाही.

घरटं

पार्किंगमध्ये किंवा गच्चीच्या जिन्याखाली कुत्री व्यालेली असते, पिल्लं पाच-सहा आठवड्यांची. कुठलंच शेल्टर घेत नाही. एवढी लहान पिल्लं नाकारणं हे कुठल्या भूतदयेत बसतं?

दवाखानेवाला

@घरटं, नाकारतात तेच बरं करतात. कारण पार्व्हो.

हा विषाणू विष्ठेतून बाहेर पडतो आणि फरशीच्या भेगेत, मातीत, चपलेच्या तळाला महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही टिकतो. फिनाईलने मरत नाही. ब्लीच लागतं, साधारण एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, तेही आधी घाण पूर्ण धुऊन काढल्यावर, आणि निदान दहा मिनिटं ओलं राहिलं पाहिजे. आता विचार करा, शेल्टरमध्ये रोज पार्व्होची केस येऊ शकते. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण सहाव्या आठवड्यापासून उतरायला लागतं, पण लस लागू पडू देत नाही एवढं ते अजून शिल्लक असतं. म्हणूनच लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवडे होईपर्यंत द्यावी लागते. एकदा टोचलं की झालं, असं नसतं. निरोगी पिल्लं शेल्टरमध्ये टाकली तर आठवडाभरात रक्ताची हगवण आणि उलट्या सुरू होतात. आईसकट पार्किंगमध्ये असलेली पिल्लं जास्त सुरक्षित आहेत.

पिल्लांना जागेवरच ठेवा. मांडीएवढ्या उंचीचा खोका आडवा करून आत पोतं घाला, आईला भरपूर खायला द्या. दोन आठवड्यांपासून दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध, वजनावर. आठव्या आठवड्याच्या आत घरं शोधायला लागा. शेल्टरकडे पिल्लं ठेवून घ्यायला नका मागू. लसीकरण, जंताचं औषध आणि आईची नसबंदी मागा. ते मिळतं.

आई मेली असेल तर गोष्ट वेगळी. गाईचं दूध देऊ नका, हगवण लागते. पिल्लांचं दूधपावडर मिळतं. आणि आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला पाजलं तर ते पचत नाही. पाजताना पोटावर ठेवायचं, माणसाच्या बाळासारखं उताणं नाही. पहिले तीन आठवडे दर पाजण्यानंतर ओल्या कापसाने शू-शीची जागा पुसावी लागते, एरवी ते काम आई चाटून करते. अशांना शेल्टरपेक्षा चार दिवस घरी सांभाळणारा माणूस हवा. तसे स्वयंसेवक संस्थांकडे असतात, विचारा.

टोकदार

नसबंदीचं लिहितो, कारण खरी भांडणं तिथेच होतात.

सध्या २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू आहेत. २००१ चे गेले. काम करणाऱ्या संस्थेकडे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाचं प्रकल्प मान्यतेचं प्रमाणपत्र हवं. सहा महिन्यांखालची पिल्लं नसबंदीसाठी उचलायची नाहीत, अंगावर पिल्लं असलेली मादी उचलायची नाही. शस्त्रक्रियेनंतर किमान चार दिवस ठेवायचं, रेबीजची लस द्यायची, कानाला काप द्यायचा आणि जिथून उचलला तिथेच सोडायचा.

गडबड होते ती सोडताना. एका गाडीत तीन वस्त्यांची कुत्री असतात आणि उतरवताना गल्ली चुकते. परक्या हद्दीत पडलेला कुत्रा टाके ओले असताना तिथल्या टोळीचा मार खातो, नाही तर परत येताना हमरस्त्यावर मरतो. म्हणून उचलतानाच प्रत्येकाचा फोटो काढा, गाडीचा नंबर आणि पट्ट्याचा बिल्ला क्रमांक टिपून ठेवा आणि सोडण्याची तारीख विचारा. ‘पाच कुत्री नेली’ ही तक्रार होत नाही. ‘बिल्ला अमुक, काळी मादी, छातीवर पांढरा डाग, अमुक तारखेला उचलली, अजून आली नाही’ ही होते. ती लेखी द्या. पुण्यात पीएमसी केअर या पालिकेच्या तक्रार सेवेवर, इतरत्र पालिकेच्या आरोग्य किंवा पशुवैद्यकीय विभागाला. टोकन नंबर जपा.

सोडल्यावर दोन-तीन दिवस मादीच्या पोटाची जागा बघा. थोडी सूज चालते. टाक्यातून लालसर पाणी सतत येतंय, आतला भाग फुग्यासारखा बाहेर आलाय किंवा ती खातच नाहीये, तर त्याच संस्थेला त्याच दिवशी कळवा. परत नेऊन बघणं हे त्यांचंच काम आहे, उपकार नाहीत. नरांबाबत एक : नसबंदीनंतरही काही आठवडे तो मादी गाभण ठेवू शकतो. ‘ऑपरेशन फसलं’ म्हणून लगेच बोंब नको.

नाशिककर

आणि चावऱ्या कुत्र्यांचं काय? नियम, बिल्ले, फोटो सगळं ठीक. लहान मुलं खेळतात तिथे कुत्री परत आणून सोडतात हे पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने उचलायला सांगितलं ना?

टोकदार

@नाशिककर, २०२५ चे आदेश तीन आहेत आणि फिरतो तो पहिलाच. ११ ऑगस्ट २०२५ चा, दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात ठेवण्याचा. २२ ऑगस्टला तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो बदलला : नसबंदी, लस आणि जंताचं औषध देऊन त्याच भागात सोडा, रेबीज झालेली किंवा संशयित आणि आक्रमक कुत्री सोडू नका, खायला घालायच्या जागा ठरवून द्या. विषयाची व्याप्तीही देशभर केली. मग ७ नोव्हेंबरला शाळा-कॉलेज, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री उचलून निवाऱ्यात न्यायला आणि तिथे परत न सोडायला सांगितलं. म्हणजे शाळेच्या आवाराचा नियम वेगळा, तुमच्या गल्लीचा वेगळा. यातलं काहीही स्वयंसेवी शेल्टरवर ढकलता येत नाही, जबाबदारी पालिकेची. ज्यांच्याकडे चाळीस पिंजरे आहेत त्यांना वॉर्डातली चारशे कुत्री घ्या म्हणणं हे आकड्यातच बसत नाही.

चावा झाला असेल तर अर्जात चावलेल्याची केसपेपरची प्रत, तारीख-वेळ, कुत्र्याचा फोटो आणि पिल्लं जवळ होती का हे लिहा. पिल्लांपाशी जाणाऱ्याला एकदा चावलेली मादी आणि विनाकारण तिघांना चावलेला नर यांना सारखं तोलत नाहीत, तोलूही नये.

नाशिककर

शाळेच्या आवाराचा फरक माहीत नव्हता. बाकी मत कायम आहे.

पणजीकर

गोव्यात आलेल्यांचा एक गोंधळ होतो. मिशन रेबीज या संस्थेची पथकं लस टोचून झालेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाचा पट्टा मारतात. तो काही दिवसांत जातो. रंग म्हणजे लस, कानाचा काप म्हणजे नसबंदी. ‘रंग आहे म्हणजे ऑपरेशन झालं’ असं समजून मादी सोडून देऊ नका. एखाद्या भागातल्या कुत्र्यांपैकी सत्तर टक्के लसवंत राहिली तर रेबीजची साखळी तुटते, त्यामुळे दरवर्षी पुन्हा टोचतात. ‘गेल्या वर्षी झालं होतं’ म्हणून पथकाला परत पाठवणारे पर्यटन व्यावसायिक कमी नाहीत.

कोथरूडची_मंजी

मांजरांबद्दल कुणीच लिहिलं नाही. नेहमीप्रमाणे.

मांजराला जाळीने पकडायला जाऊ नका, पिंजरा-सापळाच हवा. काही संस्था अनामत घेऊन देतात. आमिष म्हणून सुका बोंबील किंवा तारली, आणि ज्या मांजराला धरायचंय तिचं आदल्या रात्रीचं खाणं बंद. सापळ्याच्या तळाला कागद घाला, तारेवर पाय टाकायला मांजर बिचकतं. दार पडल्याबरोबर वरून चादर टाका, नाही तर नाक फुटेपर्यंत धडका मारते. दूध पाजणारी मादी उचलायची नाही. पोटाखालचे केस चाटून गेलेले आणि सड ओढलेले दिसले तर पिल्लं जवळपास आहेत असं समजा.

दत्तक घेताना खिडक्यांना जाळी नसेल तर चांगली संस्था मांजर देत नाही. लोक यावर चिडतात. चौथ्या मजल्यावरून पडलेल्या मांजराचा जबडा तारेने बांधायची वेळ ज्यांच्यावर येते त्यांनी ही अट घातली आहे. डासांची नायलॉन जाळी चालत नाही, नखांनी फाटते. कबुतरांसाठीची जाड जाळी चारही बाजूंनी ताणून बसवलेली हवी.

दवाखानेवाला

भरतीबद्दल एक राहिलं. खरजेचा कुत्रा नेत नाहीत म्हणून ओरड असते. खरूज जागेवर बरी होते : फ्लुरालॅनरसारखी गोळी वजनानुसार, चिकनच्या तुकड्यात घालून. एकाच गोळीचा परिणाम तीन महिने टिकतो. त्यासाठी पिंजरा अडवायचा आणि त्याला तिथे डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग) लावून घ्यायचा, यात शहाणपण नाही. तुम्ही करायचं ते एवढंच की गोळी त्यानेच खाल्ली हे डोळ्यांनी बघायचं. शेजारच्या कुत्र्याने पळवली की पुढचा महिना वाया.

याउलट लिंगावर किंवा योनीत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, रक्त गळणारी गाठ दिसली तर जरूर पाठवा. तो संसर्गाने पसरणारा कॅन्सर असतो, पण विन्क्रिस्टिनच्या आठवड्याला एक अशा चार ते सहा इंजेक्शनांनी बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. औषध शिरेतच जावं लागतं, बाहेर सांडलं तर मांस झडतं, म्हणून हे रस्त्यावर करत नाहीत. हा पिंजरा महिनाभर अडतो. तेव्हा ‘यादीत नाव आहे, पंधरा दिवसांनी’ असं उत्तर आलं तर ते टाळणं नव्हे.

शेपटीवाला

वन्य प्राण्यांसाठी शेल्टरला नको, आधी वनविभागाच्या १९२६ वर फोन. घार, घुबड, पोपट, कासव, साप हे सगळे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतात, घरी ठेवून घेणं गुन्हा आहे. पुण्यात बावधनच्या ‘रेस्क्यू’ या संस्थेकडेही वनविभागाच्या समन्वयानेच प्राणी जातात. संक्रांतीत मांज्यात अडकलेला पक्षी असेल तर मांजा ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापा आणि अंगातला तुकडा तसाच राहू द्या. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा, चोचीत पाणी नको. गाय-बैल-शेळीसाठी पशुसंवर्धनाचं १९६२.

मुलुंड_पूर्व

पाळलेला कुत्रा ‘आता जमत नाही’ म्हणून शेल्टरच्या दाराशी बांधून जाणाऱ्यांसाठी : प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० प्रमाणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये. हो, रुपये. म्हणून कुणी घाबरत नाही. मारहाण करून लुळा केला किंवा विष घातलं तर मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. पोलीस चौकीत क्रमांक सांगा, ‘कुत्र्याची तक्रार घेत नाही’ म्हणणारा हवालदारही मग कागद काढतो.

घरटं

पिल्लांच्या माहितीसाठी आभार. सोसायटीत जुन्या गाद्या आणि उशा बऱ्याच निघाल्या आहेत, त्या शेल्टरला चालतील का?

कोथरूडची_मंजी

गाद्या-उशा नको. एकदा शू झाली की धुता येत नाहीत, कुत्री फाडून कापूस गिळतात आणि आतडं अडतं. सुती चादरी, टॉवेल आणि वर्तमानपत्रांची रद्दी कायम लागते. रद्दी चकचकीत पुरवणीची नको, ती पाणी शोषत नाही. नेण्याआधी फोन करा, पावसाळ्यात बऱ्याच ठिकाणी कोरडी जागाच नसते.